मॉरिस, स्टीफन
(२८ ऑक्टोबर १९५७ – ). ‘जॉय डिव्हिजन’ आणि ‘न्यू ऑर्डर’ या ब्रिटिश बँडचे ड्रमवादक. जन्म इंग्लंडमधील मॅक्लसफील्ड येथे. १९७७ मध्ये गावातल्या वाद्यांच्या दुकानात ‘ड्रमवादक हवा’ अशी जाहिरात वाचून ते ‘वॉर्सा’ या बँडमध्ये दाखल झाले. गायक इयन कर्टिस त्यांच्याच शाळेतले. बर्नर्ड समनर (गिटार) आणि पीटर हुक (बेस) हे सोबतीला होते. १९७८ च्या आरंभी बँडचे नाव ‘जॉय डिव्हिजन’ झाले.

पंक संगीतातला ड्रमवादक सहसा सरळ ठेका वेगाने आणि जोरात वाजवी. मॉरिस यांनी ‘कॅन’ या जर्मन बँडचे याकी लीबेत्साइट यांच्याकडून वेगळा धडा घेतला : एकच आकृती न थकता, न सजवता फिरवत राहायची. त्यांच्या वादनात टॉमवरचे आघात पुढे येतात, भरणा कमी असतो आणि लय जरासुद्धा हलत नाही. पोस्ट-पंक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा गंभीर, पोकळीतून आल्यासारखा नाद घडवण्यात या संयमाचा वाटा गायकाच्या आवाजाइतकाच आहे.

‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) हा पहिला अल्बम स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माते मार्टिन हॅनेट यांना एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये मिसळलेला चालत नसे. म्हणून मॉरिस यांना काही ठिकाणी एकेक ड्रम सुटा वाजवावा लागला. ड्रमसेट हे हातापायांनी एकत्र वाजवायचे वाद्य. त्यातला फक्त स्नेअर वाजवताना बाकीचा ठेका मनात धरून ठेवणे अतिशय कठीण असते. ‘इनसाइट’मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रमही वापरले, तर ‘शीज लॉस्ट कंट्रोल’च्या एका आवृत्तीसाठी स्प्रेच्या डब्यातली फवारणी ठेक्यात बसवली.

१८ मे १९८० रोजी, अमेरिकेचा पहिला दौरा तोंडावर असताना, कर्टिस यांनी आत्महत्या केली. दुसरा अल्बम ‘क्लोजर’ त्यानंतर जुलैमध्ये निघाला. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ स्थापन केला आणि त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट कीबोर्डसाठी आल्या. पुढे १९९४ मध्ये त्यांचा मॉरिस यांच्याशी विवाह झाला.

‘ब्लू मंडे’च्या (१९८३) आरंभीचे बेस ड्रमचे ठोके ओबरहाइम डीएमएक्स या ड्रममशीनवरचे आहेत. यंत्र आले म्हणजे वादकाची गरज संपली, असे मॉरिस यांनी मानले नाही. हाताने वाजवताना जी काटेकोर पुनरावृत्ती त्यांनी जोपासली होती, तीच यंत्रात भरली. बारा इंची सिंगलमध्ये विक्रमी खप झालेल्या या गाण्याने इंग्लंडमधील नृत्यसंगीताची दिशा बदलली.

गिल्बर्ट यांच्यासह ‘दि अदर टू’ या नावाने त्यांनी १९९३ व १९९९ मध्ये दोन अल्बम काढले. २००७ मध्ये हुक बाहेर पडल्यानंतरही मॉरिस न्यू ऑर्डरमध्ये कायम राहिले. ‘म्युझिक कम्प्लीट’ (२०१५) मध्ये त्यांचेच वादन आहे. त्यांचे आत्मचरित्र ‘रेकॉर्ड प्ले पॉज’ (२०१९) आणि ‘फास्ट फॉरवर्ड’ (२०२०) अशा दोन खंडांत प्रसिद्ध झाले आहे.