तळटीप ७ : र. कृ. जोशी

७. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) : सुलेखनकार, अक्षररचनाकार, कवी. पुढील मजकुरात ‘आरके’ असा उल्लेख येतो तो यांचाच. ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक. नंतर मुंबईच्या आयआयटीत अध्यापन. तिथून ‘एनसीएसटी’त (पुढे सी-डॅक, मुंबई) संगणकासाठी भारतीय लिप्यांचे काम. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. अशा टंकाचे काम अक्षरांच्या आकारांपुरते नसते : ‘क्ष’ उमटवायला संगणकाला ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तीन चिन्हे लागतात. पडद्यावर दिसतो तो एकच सलग आकार. ही जुळणी टंकातच बांधलेली असते. ‘मंगल’मध्ये पानेच्या पाने मराठी लिहिणाऱ्यांनाही टंककाराचे नाव सहसा ठाऊक नसते, म्हणून ही टीप. – संपा.