अमृत, जनुक आणि भगूरचे एक घर

सिंहस्थ भरणाऱ्या नाशकात अमृताची कथा नव्याने सांगावी लागत नाही. प्रयोगशाळेत तसली आशा जागली ती १९९३ साली. ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील बदलामुळे मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी दुप्पट जगतो, असे सिंथिया केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

माणसाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर कुटुंब पाहा. १८९२ मध्ये राधाबाई पटकीने गेल्या, १८९९ मध्ये दामोदरपंत प्लेगने. त्यांचे पुत्र विनायक मात्र ८२ वर्षे जगले, तेही अखेर स्वतःच अन्नत्याग करून गेले. रक्त एकच, पण आई-वडिलांचे आयुष्य साथींनी तोडले.

स्वातंत्र्याच्या सुमारास बत्तिशीच्या आसपास असलेले भारतीयांचे सरासरी आयुर्मान आज सत्तरीपर्यंत आले, ते लस, औषधे आणि स्वच्छ पाणी यांमुळे. त्यातही बालमृत्यू घटल्याचा वाटा फार मोठा. जनुके तीच राहिली.

वार्धक्य मात्र हटलेले नाही. १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी निवर्तलेल्या फ्रान्सच्या झान काल्मां यांचा विक्रम अजून अबाधित आहे. जनुकशास्त्राची खरी परीक्षा या कमाल मर्यादेपाशी आहे, आणि कृमीतले ते यश माणसात अद्याप उतरलेले नाही.