कूटबद्ध फाइलींचा प्रवास

कूटबद्ध फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी पोचवणे १९८०च्या दशकात जिकिरीचे होते. ओळ कुठे संपते, यावरच ऑपरेटिंग सिस्टिमांचे एकमत नव्हते. युनिक्स ओळीअखेर १० या मूल्याचा एकच बाइट ठेवत असे, एमएस-डॉस १३ आणि १० अशी जोडी, तर मॅकिंटॉश नुसता १३. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरांचे क्रमांकच वेगळे होते.

फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीच्या १९८५च्या प्रमाणकात ‘फाइल म्हणजे मजकूर’ हेच मूळ गृहीत होते. ‘बायनरी’ ही आज्ञा द्यायची राहिली, तर युनिक्सवरून डॉसकडे जाताना प्रत्येक १०च्या आधी १३ घुसत असे. साध्या पत्राची त्यामुळे सोयच होई, कूटबद्ध फाइल मात्र पार बिघडे. तिच्यातले बाइट यादृच्छिक दिसतात. म्हणजे सरासरी २५६ बाइटांत एकदा १० येणारच, आणि एक एमबीच्या फाइलीत अशा सुमारे ४,०९६ जागा निघतात. पहिल्याच घुसखोरीनंतर पुढचे सगळे बाइट जागचे सरकत आणि किल्ली बरोबर असूनही हाती कचरा येई.

ईमेलची वाट आणखी अरुंद. ईमेल पोचवण्याच्या १९८२च्या एसएमटीपी प्रमाणकाने फक्त ७ बिटांच्या अक्षरांची हमी दिली होती. त्याआधीच, १९८०मध्ये, बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी ‘यूयूएनकोड’ लिहिला होता. तीन बाइटांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत तोडायचे आणि प्रत्येक गटासाठी एक छापील चिन्ह द्यायचे, ही त्याची रीत. ७७, ९७, ११० या बाइटांचे १९, २२, ५, ४६ होतात. युक्ती नामी, पण तिच्या चिन्हांत कोरी जागाही होती, आणि काही मेल-यंत्रणा ओळीअखेरची कोरी जागा छाटून टाकत.

सुरक्षित ईमेलसाठीच्या १९८७च्या ‘पीईएम’ प्रमाणकाने हा दोष काढला. लहान-मोठी इंग्रजी अक्षरे, दहा अंक, अधिक आणि तिरपी रेघ, एवढीच ६४ चिन्हे. आकार एक-तृतीयांशाने वाढतो, पण सुरक्षित पोचण्यासाठी ही किंमत रास्तच होती. १९९२मध्ये ‘माइम’ या ईमेल-प्रमाणकाने हीच पद्धत ‘बेस ६४’ नावाने सर्वत्र नेली. फिल झिमरमन यांच्या ‘पीजीपी’ या कूटलेखन-प्रणालीनेही ती स्वीकारली आणि शेवटी २४ बिटांची पडताळणी-बेरीज जोडली.

ही बेरीज वाटेतला अपघात पकडते, मुद्दाम केलेली छेडछाड नव्हे. बदल करणारा नवी बेरीजही मांडू शकतो. अखंडतेची ती खात्री आता कूटलेखनातच अंतर्भूत असते. म्हणून पीजीपीवर आधारित ‘ओपनपीजीपी’च्या २०२४च्या प्रमाणकाने, केवळ बेरीज जुळत नाही एवढ्यावरून संदेश नाकारू नये, असा नियम केला.