कार्ल्याचे प्रेक्षक

चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढणारा माणूस लेणे बघायला चढत नसतो. मुंबई, ठाणे, रायगडकडची कोळी आणि आगरी मंडळी एकवीरेच्या पालखीसाठी येतात, कायस्थ प्रभूंची घराणी कुळाचार करायला येतात. ढोल वाजत असतो, पायऱ्यांवर ओटीचे नारळ विकले जात असतात, अंगणात मुंगीला शिरायला वाव नसतो. देवळाच्या अगदी खेटून दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य उभा आहे. त्याचे तिकीट वेगळे, रांग वेगळी. आत गेले की ढोलाचा आवाज एकदम मागे पडतो आणि डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही.

या अंधारात शिरणाऱ्यांचा, म्हणजे कार्ल्याच्या प्रेक्षकांचा, इतिहास लिहायचा झाला तर सुरुवात भिंतींवरच्या अक्षरांपासून करावी लागते. कारण या वास्तूने आपल्या पहिल्या पाहुण्यांची नावे स्वतःच नोंदवून ठेवली आहेत.

वऱ्हांड्यातल्या ब्राह्मी लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की हे शैलगृह त्याने पुरे करवले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. पदरचा पैसा घातलेल्या माणसाची ही बढाई, पण आजही ती खोडून काढणे अवघड आहे. चैत्याची लांबी 124 फूट, रुंदी आणि उंची सुमारे 45 फूट. बाजूच्या खांबांवर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. छताला सागाच्या कमानी, त्याही त्या काळच्या. दगडी छताला लाकडी कमानींच्या आधाराची काहीएक गरज नव्हती. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांना लाकडी सभागृहाची सवय होती, म्हणून त्या बसवल्या. नेपथ्य म्हणतात ते हेच.

खांबांवरची नावे वाचताना मला नेहमी आपल्या नाट्यगृहांतल्या देणगीदारांच्या पाट्या आठवतात. धेनुकाकट नावाच्या गावातल्या सिंहदत्त या गंधिकाने, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याने, दाराचे दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, आणि त्याचेही नाव बापाच्या नावासकट कोरले गेले. सिहधय आणि धम्म हे स्वतःला यवन म्हणवतात. सोपाऱ्याचा सातिमित हा भाणक होता, धर्मग्रंथ मुखोद्गत करून सुरावर म्हणणारा. त्याने एक खांब दिला. ज्या दालनात आपल्यासारख्यांचा आवाज घुमणार, त्याचाच खांब एका पाठकाने द्यावा, यात मला योगायोग वाटत नाही.

धेनुकाकट नेमके कुठे, हा वाद जुना आहे. काहींनी आंध्रातल्या धान्यकटकाकडे बोट दाखवले. दामोदर धर्मानंद कोसंबींनी मात्र ते कार्ल्याच्या पंचक्रोशीतच शोधले, आणि व्यापाऱ्यांची वस्ती घाटवाटेच्या तोंडाशी असणार हा त्यांचा मुद्दा मला पटतो. मावळ तेव्हाही आडवळण नव्हते. इथल्याच एका लेखात मामाळच्या अमात्याला उद्देशून राजाज्ञा आहे. मामाळ म्हणजेच मावळ. करजिक नावाचे गाव वलूरकाच्या, म्हणजे या लेण्याच्या, भिक्षूंना देण्याबद्दल ती आज्ञा आहे. हेच गाव आधी नहपानाचा जावई उषवदात याने दिले होते. राज्य बदलले तरी लेण्याचा खर्च चालू राहिला.

आता वऱ्हांड्यातल्या मिथुनांविषयी. दारांच्या दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. भरदार, अलंकार घातलेल्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. संन्याशांच्या मठाच्या दारात ही शृंगाराची माणसे कशाला, असा प्रश्न शाळेच्या सहलीतली मुलेसुद्धा विचारतात आणि गुरुजी घाईघाईने पुढे सरकतात. उत्तर जवळच्या लेखात आहे. ही मिथुनाची कामगिरी भदसम नावाच्या भिक्षूचे दान आहे, आणि ‘मिथुन’ हाच शब्द तिथे वापरला आहे. म्हणजे व्यापाऱ्याने भिक्षूंच्या माथी मारलेली ही सजावट नाही. विरक्त माणसाने ती बुद्ध्या, स्वतःच्या नावाने दिली. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोणी तिथली काही जुनी कोरीव नक्षी छाटून बुद्धमूर्ती बसवल्या, पण या जोड्या राहू दिल्या. लोहमार्ग ओलांडून भाज्याला गेलात तर तिथल्या एका विहारात एक स्त्री वाद्यांच्या जोडीवर थाप देताना आणि दुसरी नाचताना दिसते. मला वाटते, आपण ज्याला आज धर्म आणि करमणूक अशा दोन खणांत टाकतो, त्या दोन्ही गोष्टी त्या काळच्या प्रवाशाला एकाच डोंगरावर, एकाच चढणीत मिळत होत्या.

पुढची अनेक शतके विहार रिकामे राहिले. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणू लागले. सिंहस्तंभांपैकी एक उभा आहे. दुसरा जिथे असावा तिथे एकवीरेचे देऊळ आले. पण डोंगर ओस पडला नाही. देवीच्या यात्रेने पायवाट मळलेली ठेवली. युरोपीय पाहुण्यांची ‘शोधयात्रा’ वाचताना हे विसरू नये.

1804 साली लॉर्ड व्हॅलेन्शिया आला, बरोबर चित्रे काढायला हेन्री सॉल्ट होता. पाच वर्षांनी मारिया ग्रॅहॅम आली आणि 1812 साली तिचे प्रवासाचे पुस्तक निघाले. 1830 साली माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता झाला. 1858 साली खंडाळा ते पुणे रेल्वे धावू लागली, पण घाट उतरायला पालखी आणि तट्टे होतीच. 1863 साली घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबईचा माणूस सकाळी निघून कार्ले पाहू शकू लागला. लोणावळा हवा खाण्याचे ठिकाण झाले, त्याबरोबर कार्ले हा तिथला ‘बघायचा’ कार्यक्रम. ग्रंथकार जेम्स फर्ग्युसनला आत शिरल्यावर नॉर्विचच्या चर्चचा गाभारा आठवला. आपल्या घरची मापे घेऊन फिरणारा प्रवासी आणखी काय करणार! पण त्याने एक गोष्ट अचूक टिपली: सारा प्रकाश वरच्या एकाच मोठ्या गवाक्षातून येतो, आणि तो थेट स्तूपावर पडतो. रंगमंचावरच्या झोताची कल्पना ज्यांना आहे त्यांनी दुपार टळल्यावर जाऊन हे पाहावे. चैत्याचे तोंड पश्चिमेला आहे.

मागच्या वेळी मी आत होतो तेव्हा एक कुटुंब दर्शन आटोपून लेण्यात आले. आजीने चप्पल हातात धरली होती, कारण बाहेर ठेवली तर हरवेल. मुलांनी हत्ती मोजले, चुकले, पुन्हा मोजले. बाप फोनवर स्तूपाची चित्रफीत काढत होता, आणि स्तूपावरची लाकडी छत्री अंधारात नीट येत नाही म्हणून वैतागला होता. आजी मात्र खांबाला टेकून बसली. ‘बाय, उठ, गाडी निघंल,’ असे सुनेने दोनदा म्हटले. ती उठली नाही. बाहेर पुन्हा ढोल सुरू झाला होता, आणि इथे आत त्याचा फक्त ठेका पोचत होता.