रेल्वेचा सिग्नल चौकात येतो

दौंड जंक्शनबाहेर गाडी सिग्नलसाठी खोळंबली की आपण वैतागतो. रस्त्यावरच्या सिग्नलचा जन्मही रेल्वेतूनच झाला. रेल्वेतील जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेतून १८६८ साली लंडनच्या संसद भवनाजवळ पहिला खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात हलत, रात्री लाल-हिरवे गॅसदिवे लागत. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला आणि प्रयोग बारगळला.

पुढे विजेचे सिग्नल आले. पण हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा? १९५८ साली ब्रिटनमध्ये एफ. व्ही. वेब्स्टर यांनी याचे गणित मांडले.

शिरूरला पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर एक चौक कल्पू. दर ४ सेकंदांना एक मोटार येते; हिरव्या दिव्यात दर २ सेकंदांना एक सुटते. लाल ६० सेकंद, हिरवा ५२. म्हणजे ११२ सेकंदांच्या फेरीत २८ मोटारी येतात, २६ सुटतात. १० फेऱ्यांनंतर २० तुंबतात. हिरवा ६० केला, तर ३० येतात, ३० सुटतात. पण हे फळ्यावर! प्रत्यक्षात वाहने कशीही येतात, म्हणून रांग वाढतच जाते. वेब्स्टर यांनी संगणकावर अशा रांगा चालवूनच आपले सूत्र सुधारले.

आणि उसाची बैलगाडी आली तर? इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी मोठी बैलगाडी ८ मोटारींबरोबर धरली. चौकात हाच आकडा लागू पडेल असे नाही. विद्यार्थ्यांसह कडेला सुरक्षित उभे राहून, घड्याळ लावून तो मोजावा. परदेशी सूत्र तसेच उचलले, तर गाडीवान चौकाच्या मध्यावर असतानाच लाल दिवा लागेल.