लिम्फोमाच्या पेशींची ओळख पटविणारी प्रतिपिंडे

मानेत किंवा काखेत आलेली गाठ अनेक आठवडे कमी होत नसेल, तर डॉक्टर बायोप्सीचा सल्ला देतात. अशी गाठ साध्या संसर्गाची असू शकते, क्षयाची असू शकते किंवा लिम्फोमाची, म्हणजेच लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची. लिम्फोमाचे अनेक प्रकार असून त्यांचे उपचारही भिन्न आहेत. मात्र निरनिराळ्या प्रकारांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारख्याच दिसतात. त्यांच्यातील भेद मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळे उघड होतो.

केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर व सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये या प्रतिपिंडांच्या निर्मितीचे तंत्र प्रसिद्ध केले. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींचा त्यांनी मायलोमाच्या सतत वाढणाऱ्या पेशींशी संकर केला. त्यातून एकाच लक्ष्याला चिकटणारी, एकसारखी प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. या शोधासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत देण्यात आले.

तपासणीत गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंड सोडले जाते. अपेक्षित प्रथिन पेशीवर असल्यास ते तेथे चिकटते आणि रासायनिक प्रक्रियेनंतर ती पेशी बहुधा तपकिरी दिसते. द्रवातील सुट्या पेशींसाठी चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे व फ्लो सायटोमीटर हे यंत्र वापरतात.

पेशींवरील या खुणांना 'सीडी' क्रमांक दिलेले आहेत. सीडी-२० ही बी पेशींची, तर सीडी-३ ही टी पेशींची खूण होय. हॉजकिन लिम्फोमाच्या नेहमीच्या प्रकारांतील रीड-स्टर्नबर्ग पेशींवर सीडी-३० आणि बहुधा सीडी-१५ आढळते. परंतु एकाच खुणेवर विसंबता येत नाही. सीडी-३० ओळखणारे 'की-१' हे प्रतिपिंड १९८२ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केले, तेव्हा ते प्रामुख्याने हॉजकिनच्या पेशींशी जोडले गेले. पुढे ही खूण अन्य काही लिम्फोमांत आणि उत्तेजित झालेल्या निरोगी लिम्फोसाइट पेशींवरही आढळली. त्यामुळे विकृतिशास्त्रज्ञ अनेक प्रतिपिंडांचा संच वापरून, पेशींची ठेवण व रुग्णाची लक्षणे पाहूनच निदान करतात.

या निदानावर उपचारांची दिशा ठरते. सीडी-२० ला चिकटणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधास अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ही खूण ज्या पेशींवर नाही, त्यांच्यावर त्याचा थेट मारा होत नाही. म्हणूनच अहवालात 'लिम्फोमा' एवढाच शब्द पुरेसा नसतो. त्याचा नेमका प्रकार नोंदविणे आवश्यक ठरते.