दगडावरची सही

जुनी चित्रे जमविणारा दाम मोजण्यापूर्वी विचारतो, 'अस्सल की नक्कल?' रविवर्म्याच्या छापील चित्रांपुरता तरी हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १८९४ साली गिरगावात त्यांचा शिळाछापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९०६ साली रविवर्मा वारले. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती मात्र त्यानंतरही छापल्या जात होत्या आणि कोल्हापूरच्या माजघरांतूनही टांगल्या जात होत्या. त्या प्रती खोट्या म्हणाव्यात काय? रविवर्म्याच्या कुंचल्याचे ते मूळ तैलचित्र. छापण्यासाठी प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे, आणि त्यावर ठिपका न् ठिपका उठविला तो कारागिरांनी.

खरी फसगत निराळीच आहे. आज ऑफसेटवर जुन्या चित्राची प्रत काढली, की छापखान्याचे जुने नावही तसेच खाली उमटते. म्हणून नावावर विसंबू नये, भिंग लावावे. ऑफसेटचे ठिपके कवायतीसारखे रांगेत उभे असतात. हाताचे लहानमोठे, विस्कळीत असतात.

१९७२ च्या आगीत मळवलीचा छापखाना जळाला. चित्राखाली त्या कारागिरांचे नाव शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. कामगारांत आयुष्य घालविलेले आम्ही एवढेच म्हणतो : ते विस्कळीत ठिपके हीच त्यांची सही.